मीडिएटाइज्ड संस्थान म्हणजे नेमकं कोणाच्या ताब्यातलं?

चिमणबाग

मंडळी, एका शब्दावर गाडी अडली आहे. १९०८च्या इम्पीरियल गॅझेटियरमधला (इंग्रज सरकारचा माहितीग्रंथ) मध्य भारताचा भाग मराठीत आणायला घेतलाय. इंदुरातल्या आमच्या मंडळातल्या नव्या पिढीला इंग्रजी वाचता येतं, पण हे असलं इंग्रजी वाचवत नाही, म्हणून हा उद्योग.

त्यात संस्थानांची प्रतवारी आहे. वरच्या पायरीवर तहाची संस्थानं, म्हणजे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, रीवा, धार, देवास वगैरे. त्याखाली येतात 'मीडिएटाइज्ड' आणि 'गॅरंटीड'. गॅरंटीडचा अर्थ कळतो, हमी दिलेली. पण मीडिएटाइज्ड?

शब्दकोश म्हणतो: एखाद्या राजाचं राज्य दुसऱ्या राज्यात विलीन करणे, मात्र त्याची पदवी आणि काही हक्क शाबूत ठेवणे. हे माळव्याला लावून बघा. रतलाम, सैलाना, सीतामऊ कुणात विलीन झाली? १९४८ साली मध्य भारत होईपर्यंत तिन्ही ठिकाणी आपापले राजे गादीवर होते. सैलाना आणि सीतामऊला ११ तोफांची सलामी होती. विलीन झालेल्याला सलामी कोण देतं?

नुसतं 'मांडलिक' लिहिलं तर होळकर आणि शिंदेही इंग्रजांचे मांडलिकच होते, मग फरक कसा दाखवायचा? शब्द सुचवा, आणि तो इंग्रजी शब्द इथे आला कुठून तेही सांगा.

---

शेव-परमल

भिया, सोपं आहे. ज्या राज्यात मीडियावाले घुसले ते मीडिएटाइज्ड. हल्ली सगळा देशच आहे.

---

छावणीतली

शेव-परमल, गंमत म्हणून लिहिलंत, पण आमच्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात हा शब्द अगदी ह्याच अर्थाने आहे. मीडियटायझेशन. केंट आस्प ह्या स्वीडिश अभ्यासकाने १९८६च्या सुमारास राजकारणाबद्दल ही कल्पना मांडली, पुढे डेन्मार्कच्या स्टिग ह्यारवार्डने ती धर्म, खेळ, कुटुंब इथपर्यंत ताणली. म्हणणं असं की राजकारण नुसतं माध्यमांतून दिसत नाही, ते माध्यमांच्या सोयीने चालायला लागतं. सभा कधी घ्यायची, भाषण किती लांबवायचं, कुठलं वाक्य मथळा होईल, हे आधी ठरतं आणि मुद्दा नंतर.

म्हणजे हासुद्धा अधीन होण्याचाच अर्थ आहे. पण १९०८च्या गॅझेटियरमध्ये हा नसणार, हे मलाही कळतं. :)

---

राइनकाठ

मूळचा इंदूरचा, सध्या जर्मनीत. हा शब्द इथल्या मातीतला आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

लॅटिनमध्ये 'मेडिउस' म्हणजे मधला. त्यावरून मध्ये पडणे, मध्यस्थी करणे ह्या अर्थाचं क्रियापद झालं, आणि तिथून जर्मनमध्ये 'मेडिआटिझीरेन', फ्रेंचमध्ये 'मेदियातिझे'. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात आला. पण तो समजायला त्याचा विरुद्धार्थी शब्द आधी समजला पाहिजे.

पवित्र रोमन साम्राज्यात लहान-मोठी शेकडो राज्यं होती. काही खरीखुरी राज्यं, काही बिशपांच्या जहागिऱ्या, काही स्वतंत्र शहरं, तर काही सरदार एकेका गढीपुरते. ह्यांतल्या ज्यांच्या डोक्यावर थेट सम्राट होता, मध्ये दुसरा कोणी राजा नव्हता, ते 'राइश्सउनमिटेलबार'. 'उनमिटेलबार' म्हणजे ज्याच्या आणि वरच्याच्या मध्ये कोणी नाही असा. इंग्रजीतला 'इमिजिएट' तो हाच. आपण सरकारी पत्रावर 'इमिजिएट' वाचतो आणि ताबडतोब म्हणतो, मूळ अर्थ मात्र 'मध्ये कोणी नाही' एवढाच. हा दर्जा म्हणजे प्रतिष्ठेची परिसीमा होती. चार गावांचा सरदारसुद्धा म्हणायचा, मी फक्त सम्राटाचं ऐकतो, शेजारच्या ड्यूकचं नाही.

मग नेपोलियन आला. १८०१च्या ल्युनेव्हिलच्या तहाने राइनच्या डाव्या तीरावरचा मुलूख फ्रान्सकडे गेला. तिथे ज्यांचं गेलं त्या राजांना भरपाई हवी. ती द्यायची कुठून? लहानांना मोठ्यांच्या पोटात घालून. १८०३च्या फेब्रुवारीत रेगेन्सबुर्गला ठराव झाला. शंभरावर राज्यं, मठ, शहरं नकाशावरून गेली. स्वतंत्र शहरांतली उरली फक्त सहा: हांबुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक, फ्रांकफुर्ट, आउग्सबुर्ग, न्युर्नबेर्ग. मग १२ जुलै १८०६ला ऱ्हाइन संघ झाला आणि दुसरी लाट आली. फ्युर्स्टेनबेर्ग, होहेनलोहे, लाइनिंगेन, टुर्न उंड टाक्सिस अशी घराणी बाडेन, व्युर्टेम्बेर्ग, बव्हेरिया ह्यांच्या हाताखाली गेली. ६ ऑगस्टला सम्राट फ्रान्झने मुकुटच उतरवला, म्हणजे ज्याच्याशी थेट नातं सांगायचं तोही उरला नाही.

ह्या प्रकाराला नाव मेडिआटिझीरुंग. थेट असलेल्याच्या डोक्यावर एक मधला आणून बसवला. ह्यात माणूस मारला नाही, हाकलला नाही. पदवी राहिली, खासगी जमीन राहिली, काही न्यायाधिकारही राहिले. १८१५च्या जर्मन संघाच्या कायद्यात १४वं कलम खास ह्या घराण्यांसाठी आहे. राज्य गेलं तरी राजघराण्याशी सोयरीक करायला तुम्ही बरोबरीचेच, असं त्यात लिहून दिलं.

इंग्रजांना हा शब्द परका नव्हता. व्हिक्टोरिया राणीची सावत्र बहीण फेओडोरा १८२८ साली होहेनलोहे-लांगेनबुर्ग घराण्यात दिली होती, आणि सावत्र भाऊ लाइनिंगेनचा राजपुत्र. दोन्ही घराणी मीडिएटाइज्ड.

---

शेव-परमल

म्हणजे राज्य गेलं, पण लग्नाच्या बाजारातला भाव तोच. आमच्या ओळखीतली दोन घराणी आठवली. नावं घेत नाही, इथे सगळे नातेवाईक आहेत.

---

काळा_कोट

राइनकाठ ह्यांनी छान लिहिलंय. ह्याच मुळाचा एक शब्द आम्ही कोर्टात रोज वापरतो आणि तो कुठून आला ह्याचा विचार करत नाही. 'मीन प्रॉफिट्स'. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २(१२)मध्ये व्याख्या आहे. ज्याचा हक्क नाही त्याने मिळकत दाबून ठेवली, तर त्या मधल्या काळात त्याने मिळवलेला, किंवा नेटाने मिळवता आला असता असा नफा. आमच्या हिंदी कोर्टात 'अन्तःकालीन लाभ' म्हणतात.

हा 'मीन' इंग्रजांच्या कायद्यातल्या जुन्या फ्रेंचमधून आला. लिहिताना मधे एक 'एस' घालतात, तो उच्चारत नाहीत, मुळातही तो नव्हता, कारकुनांनी घुसडला. अर्थ तोच, मधला. इंग्लंडच्या सरंजामशाहीत राजाने जमीन दिली मोठ्या सरदाराला, त्याने दिली लहान सरदाराला, त्याने आणखी कुणाला. ह्या साखळीत जो वरूनही बांधलेला आणि ज्याच्या खालीही माणूस आहे, तो 'मीन लॉर्ड'.

अशी खाली खाली जमीन देत जाण्याला 'सबइन्फ्यूडेशन' म्हणत. पहिल्या एडवर्डने १२९०मध्ये कायदा करून ते बंद केलं. जमीन विकायची असेल तर विका, घेणारा तुमच्या जागी उभा राहील, तुमच्या खाली नाही. साखळीत नवे मधले तयार होणं थांबलं. आपल्याकडे मात्र कंपनी सरकारने १८१९मध्ये बंगालात पत्तनी तालुक्यांना कायदेशीर केलं, म्हणजे जमीनदाराखाली पत्तनीदार, त्याखाली दर-पत्तनीदार. स्वतःच्या देशात सव्वापाचशे वर्षांपूर्वी मोडलेली रीत इथे नियम काढून पक्की केली.

---

शेव-परमल

मीन प्रॉफिट्स ऐकून मला आजवर वाटायचं राशीचं काही आहे.

---

चिमणबाग

राइनकाठ, काळा_कोट, मनापासून आभार. पण माझी अडचण वाढली. जर्मन अर्थ असा की जो थेट होता तो मधल्याखाली गेला. रतलाम तर आधीपासून शिंद्यांना खंडणी देत होतं. ते कधी थेट होतं? मग त्याला हा शब्द का?

---

मोडी_वाचक

चिमणबाग, तुझा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. माळव्यात काय झालं ते क्रमाने सांगतो.

२१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह. होळकरांकडून तात्या जोग, कंपनीकडून जॉन मॅल्कम. त्यानंतर राजधानी इंदूरला आली, रेसिडेन्सी (इंग्रज प्रतिनिधीची कचेरी) आली, महूला छावणी पडली. हे सगळ्यांना पाठ असतं. पण मॅल्कमपुढचं खरं कोडं तहानंतर सुरू झालं.

माळव्यात तेव्हा सत्ता एकावर एक बसलेली होती. राजपूत राजे गादीवर, वर शिंदे, होळकर, पवार ह्यांचा खंडणीचा हक्क. खंडणी आपणहून येत नसे, फौज पाठवून वसूल करावी लागे. फौज निघाली की खंडणीबरोबर वाटेतली गावंही उजाड होत. दुसरीकडे गिरासिये. जमिनीवरून उठवलेले राजपूत ठाकूर, डोंगरात बसायचे आणि खाली उतरून गावांकडून वसुली करायचे. 'आम्हाला द्या नाहीतर लुटू.' मराठी अंमलदार त्यांना गप्प बसवायला काही रक्कम देत, त्याला तनखा म्हणत. (तनखा म्हटलं की आता लोकांना १९७१ साली बंद झालेले राजांचे तनखेच आठवतात. माळव्यातला तनखा त्याहून जुना आणि जास्त रांगडा.)

मॅल्कमने दोन्ही बाजूंना एकेक कागद केला. रतलामचं उदाहरण घे. जानेवारी १८१९ला ठरलं की रतलामच्या राजाने शिंद्यांना दरसाल ८४,००० सालिमशाही रुपये द्यावेत, आणि शिंद्यांनी रतलामात फौज पाठवू नये, कारभारात हात घालू नये. सैलान्याचे ४२,०००. सीतामऊचे ६०,०००, पुढे ते ५५,००० झाले. सालिमशाही म्हणजे प्रतापगडच्या टांकसाळीचा रुपया, कंपनीच्या रुपयापेक्षा हलका. गिरासियांशी उलटा करार: तुमचा तनखा शिंदे-होळकरांच्या खजिन्यातून ठरल्या दिवशी मिळेल, तुम्ही डोंगरातून उतरू नका. दोन्हींवर कंपनीची हमी.

आता जर्मनीशी ताडून बघ. तिथे मधला नव्हता, तो आणून बसवला. इथे शिंदे आधीच वर होते. कंपनी आली ती रतलाम आणि शिंदे ह्यांच्या मध्ये. रतलामचा दर्जा ह्यात घसरला नाही, उलट फौजेच्या धाडीतून सुटला. हाताखाली तर राहिला, पण ज्याच्या हाताखाली आहे त्याला हात लावायची मनाई.

पुढच्या साहेबांनी ह्याला 'मीडिएटाइज्ड' म्हटलं ते 'मीडिएट' म्हणजे मध्यस्थी करणे ह्या शब्दाच्या ओढीने, असं माझं मत आहे. ज्यांच्या करारात आम्ही मध्यस्थी केली ती संस्थानं. युरोपातला भारदस्त शब्द हाताशी होता, ध्वनी जुळला, डकवून दिला.

---

राइनकाठ

मोडी_वाचक काका, पूर्ण पटत नाही. शब्द नुसता कानाला जुळला म्हणून घेतला असं म्हणणं साहेबांवर अन्याय आहे (हे वाक्य मी लिहीन असं वाटलं नव्हतं). दोन्हीकडे मुख्य गोष्ट एकच आहे. तीन पायऱ्या, आणि खालच्या पायरीवरच्याचे काही हक्क सर्वांत वरच्याने लिहून दिलेले. १८१५चं १४वं कलम काय होतं? बाडेनच्या राजाला सांगितलेलं की फ्युर्स्टेनबेर्ग तुझ्याखाली आहे खरा, पण अमुक अमुक हक्क त्याच्याकडून काढायचे नाहीत. रतलामला तेच मिळालं.

फरक इतकाच की तिथे जिना वरून खाली बांधला आणि इथे खालून वर.

---

मोडी_वाचक

राइनकाठ, मुद्दा चांगला आहे, पण 'इतकाच' हा शब्द काढा. ज्याला खाली ढकललं आणि ज्याला खालून सोडवलं त्या दोघांना एकच विशेषण लावलं, तर वाचणाऱ्याला काय कळणार? चिमणबागला कोशाने फसवलं ते ह्यामुळेच.

शिवाय मधला कोण हे तरी कुठे ठरलेलं आहे? कागदावर मधले शिंदे: वर कंपनी, खाली रतलाम. व्यवहारात मधली कंपनी: रतलामने रक्कम द्यायची, शिंद्यांनी घ्यायची, आणि तंटा झाला तर साहेबाकडे जायचं. मग १८४३च्या डिसेंबरात शिंदे आणि इंग्रज ह्यांच्यात महाराजपूर आणि पनियारच्या लढाया झाल्या, १८४४चा तह झाला, आणि ग्वाल्हेर कंटिंजंटच्या (शिंद्यांच्या खर्चाने ठेवलेली, इंग्रज अधिकाऱ्यांखालची फौज) खर्चापोटी शिंद्यांची रतलामवरची खंडणी इंग्रजांकडे वळली. १८६०च्या तहाने ती त्यांचीच झाली. रतलामला काय फरक पडला? रक्कम तीच, पावतीवरचं नाव बदललं. ज्याने मध्यस्थी केली तोच धनको झाला.

---

काळा_कोट

वकिलीत असं केलं तर सनद जाते.

---

छावणीतली

काका, मग हमी कायमची होती का? म्हणजे शिंदे कधी म्हणाले असतील, की आता आम्हाला आमचं परत द्या?

---

मोडी_वाचक

छावणीतली, अमझेऱ्याचं बघ. धारजवळचं राठोडांचं संस्थान, शिंद्यांना खंडणी देणारं, वर इंग्रजांची हमी. राणा बख्तावरसिंह १८५७मध्ये उठावात उतरले. १० फेब्रुवारी १८५८ला त्यांना इथे इंदुरातच फाशी दिलं आणि अमझेरा शिंद्यांना देऊन टाकला. शिंद्यांनी हात लावू नये म्हणून हमी, आणि ती काढून घेतली की शिंद्यांच्याच पदरात.

जावऱ्याची गोष्ट जरा निराळी. गफूरखान होळकरांच्या दरबारातला. मंदसौरच्या तहाच्या १२व्या कलमात त्याचा मुलूख त्याच्याकडे वंशपरंपरा राहील असं घालून घेतलं, बदल्यात त्याने घोडदळ बाळगायचं. म्हणजे होळकरांच्याच तहात होळकरांच्याच जहागीरदाराला होळकरांपासून हमी. पुढे जावरा तहाच्या संस्थानांत मोजला जाऊ लागला. एकाच तहाने एकजण खाली आला आणि त्याच्याखालचा वर गेला.

---

मांडवीकर

वडोदऱ्याहून लिहितोय. माळव्यावर बोलणं चाललंय, पण शब्दाचं उत्तर आमच्याकडे आहे.

गायकवाडीत हमीला बहांदरी म्हणत. बाह धरणे, हात धरणे, त्यातून आलेला शब्द. गुजरातीत 'बांहेधरी' आजही रोजच्या वापरात आहे. सरकारी जाहिरातीपासून दुकानदारापर्यंत सगळे बांहेधरी देतात. अठराव्या शतकाच्या शेवटी बडोद्यात बहांदरी अरब जमादारांची चाले. सरकारने सावकाराचं कर्ज घेतलं तर अरब जमादार जामीन. कुणाला दरबारात बोलावलं, त्याच्या जिवाची खात्री हवी, तर अरबांची बहांदरी. गायकवाडांच्या शब्दापेक्षा गायकवाडांच्याच पगारी शिपायांच्या शब्दाला किंमत जास्त. १८०२-०३मध्ये कंपनीने अरबांना बडोद्यातून काढलं, तेव्हा त्यांच्या बहांदऱ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. लोकांना वाटलं सुटलो. झालं असं, की आता गायकवाडांच्या एखाद्या प्रजाजनाला गायकवाडांविरुद्ध इंग्रजांची बहांदरी असायची. राजाने आपल्याच माणसाला काही विचारलं की तो रेसिडेन्सीकडे बोट दाखवणार.

मग काठेवाड, म्हणजे आजचं सौराष्ट्र. तिथली खंडणी गोळा करायला दरसाल फौज निघे, तिला मुलूखगिरी म्हणत. १८०७मध्ये कंपनीच्या कर्नल वॉकरने रकमा ठरवून दिल्या. १८२०मध्ये गायकवाडांनी कबूल केलं की काठेवाड आणि महीकांठ्यात फौज पाठवणार नाही, खंडणी कंपनीमार्फत घेऊ. मोडी_वाचक जे रतलामचं सांगतात ते आमच्याकडे बारा वर्षं आधी सुरू झालं होतं.

तेव्हा चिमणबाग, बिनधास्त लिहा: बहांदरीची संस्थानं.

---

शेव-परमल

इंदुरात सगळे 'बहादुरीची संस्थानं' वाचतील. पैज.

---

चिमणबाग

शेव-परमल, तुझ्या पैजेत दम आहे ही खरी अडचण. :)

मांडवीकर, शब्द फार आवडला. गॅरंटीड ठाकुरांना, म्हणजे हमी मिळालेल्या त्या गिरासियांना, तर तो अगदी बसतो. पण मीडिएटाइज्डलाही बहांदरी म्हटलं, तर यादीतले दोन वर्ग एक होऊन जातील.

---

मांडवीकर

ते खरं. पण अजून एक सांगून जातो, कारण तुमच्या कोशातला अर्थ, तो अस्सल जर्मन अर्थ, हिंदुस्थानात घडलाच नाही असं कुणी समजू नये. तो घडला आमच्या गुजरातेत, आणि फार उशिरा.

काठेवाड-गुजरातेत शेकड्यांनी तालुकदार होते. काहींचं राज्य म्हणजे दोन-चार गावं, पण कारभार बघायला थेट इंग्रज एजन्सी. मध्ये कोणी नाही. राइनकाठ म्हणतात तो गढीचा सरदार, तोच. १९४३मध्ये सरकारने ठरवलं की ह्या लहानांना जवळच्या मोठ्या संस्थानांना जोडायचं. बडोद्याला, नवानगरला वगैरे. पदव्या आणि काही हक्क त्यांचेच, पण वर आता गायकवाड सरकार. काही तालुकदार कोर्टात गेले, आणि काठेवाडच्या जुडिशियल कमिशनरने निकाल दिला की असं जोडता येत नाही. मग लंडनच्या पार्लमेंटने १९४४मध्ये त्यासाठी कायदाच केला. पाचेक वर्षांत इंग्रज गेले, सौराष्ट्र झालं, बडोदं मुंबई राज्यात गेलं, जोडलेले आणि ज्यांना जोडले ते दोघेही एकाच रांगेत.

गंमत बघा. जिथे हा शब्द हुबेहूब लागू पडतो तिथे सरकारने 'अटॅचमेंट' म्हटलं, आणि जिथे लागू पडत नाही तिथे 'मीडिएटाइज्ड'.

---

राइनकाठ

मांडवीकर, हे मला नवीन. १८०६ आणि १९४३! आणि कारणही जवळजवळ तेच: एवढ्या लहानांना सांभाळण्यापेक्षा मोठ्याच्या गळ्यात घातलेलं बरं. इथे नेपोलियनच्या डोक्यात सैन्य होतं, तिथे दिल्लीच्या डोक्यात कारभाराचा खर्च.

काका, ह्यानंतर माझा 'इतकाच' मी मागे घेत नाही, पण फार जोरात म्हणणारही नाही.

---

काळा_कोट

भाषांतराकडे या आता. मराठीत ह्या बाबतीत सोय आहे. 'पोट' लावा. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू. सबइन्फ्यूडेशनला मी तरी 'पोटजहागिरी'च म्हणेन. तसं पोटमांडलिक. शिंदे मांडलिक, रतलाम पोटमांडलिक. वाचणाऱ्याला समजवावं लागत नाही. ज्याने भाड्याच्या वाड्यात पोटभाडेकरू म्हणून दिवस काढलेत त्याला तर मालक, भाडेकरू आणि आपण ह्यात कोण कुणाला विचारतं हे नीट माहीत असतं.

---

मोडी_वाचक

पोटमांडलिक झकास आहे, पण त्यात नेमकी हमी येत नाही. पोटभाडेकरूला मालकाची हमी नसते, म्हणून तर बिचारा आधी निघतो. रतलामला ती होती. १९२१मध्ये नरेंद्र मंडळ, म्हणजे संस्थानिकांची सभा, निघालं, तिथे रतलामचा राजा शिंद्यांच्या पोटातून नव्हे, स्वतःच्या नावाने बसला. पोटमांडलिक म्हटलं तर त्याच्या आत्म्याला त्रास होईल.

---

शेव-परमल

त्याचा आत्मा तेव्हा पोलो खेळत असेल, त्याला काय पडलंय. (सज्जनसिंह पोलोसाठी नावाजलेले होते, हे तरी मला माहिती आहे, सगळेच तुम्ही लिहून राहिले म्हणून.)

---

छावणीतली

मला वाटतं शब्द एकच शोधायचा हट्ट सोडावा. जर्मन प्रकरणासाठी पोटमांडलिक चांगला, मांडवीकरांच्या १९४३लाही चालेल. माळव्यासाठी हमी किंवा मध्यस्थी ह्यांतलं काहीतरी दिसलं पाहिजे. आणि माझ्या विषयातल्या मीडियटायझेशनला तिसरंच काहीतरी. आमचे सर 'माध्यमीकरण' म्हणतात, ते ऐकून मला शाळेतलं शिक्षणाचं माध्यम आठवतं.

---

चिमणबाग

छावणीतली ताई म्हणतात तसंच करतो. ठरवलंय ते असं:

यादीत मीडिएटाइज्डला 'मध्यस्थीची मांडलिक संस्थाने'. जरा लांब आहे, पण साहेबांच्या मनात जे होतं ते त्यात आहे असं मोडी_वाचक काकांच्या पुराव्यावरून वाटतं. गॅरंटीड ठाकुरांना 'बहांदरीचे ठाकूर', आणि पहिल्या वेळी कंसात 'हमी', म्हणजे शेव-परमल पैज हरेल. पोटमांडलिक माझ्या यादीत बसत नाही, पण प्रस्तावनेत जर्मनीचा परिच्छेद घालणार आहे, तिथे काळा_कोट ह्यांचा शब्द जाईल.

रतलामच्या नोंदीखाली एक ओळ टाकतोय, बघून घ्या:

'रतलामचे राजे शिंदे सरकारास दरसाल ८४,००० सालिमशाही रुपये खंडणी देत असत. १८१९च्या कराराने शिंद्यांनी रतलामात फौज न पाठवण्याचे व कारभारात हात न घालण्याचे मान्य केले. करारास कंपनी सरकारची हमी होती. पुढे ही खंडणी इंग्रज सरकारकडे वर्ग झाली.'

---

मोडी_वाचक

दोन दुरुस्त्या. 'खंडणी देत असत' च्या जागी 'भरीत असत' कर, जुन्या कागदांत खंडणी भरतात. आणि पहिल्या वाक्यात ८४,००० घातलेस तर ती रक्कम करारापूर्वीची वाटते. आधी खंडणी भरीत असत एवढंच लिही, आकडा कराराच्या वाक्यात घाल. ती रक्कम ठरवून देणं हाच तर करार होता.

सीतामऊच्या नोंदीत ६०,००० आणि ५५,००० दोन्ही दे. आणि धारच्या यादीत अलीराजपूर कुठे टाकलंयस? त्याची खंडणी शिंद्यांकडे नव्हती, धारच्या पवारांकडे होती.

---

चिमणबाग

बदललं. अलीराजपूर अजून शिंद्यांखाली होतं, हलवतो. उद्या झाबुआ आणि बडवानीचा मसुदा टाकतो. बडवानी कुणालाच खंडणी भरत नसे, त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं ह्यावर तयारी करून या.